इंग्रजी शब्द पाठ करू नका, फोडायला शिका

पडद्यावरचा मजकूर चुकून उडाला की कंट्रोल आणि झेड या कळांकडे बोटं आपोआप जातात. या क्रियेला 'अनडू' म्हणतात हे दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. त्याच मुलासमोर इंग्रजीच्या तासाला 'अनफोल्ड', 'अनटाय', 'अनव्हील' हे शब्द आले की तो ते वहीत उतरवून घेतो, पुढे अर्थ लिहितो आणि परीक्षेपर्यंत घोकतो. 'अनडू'मधला 'अन' आणि 'अनटाय'मधला 'अन' एकच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. एका वाक्यात सांगण्यासारखी ही गोष्ट न सांगणं मला इंग्रजी शिकवण्यातली सगळ्यात महागडी कंजुषी वाटते.

उपसर्ग शिकवत नाहीत असं नव्हे. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांच्यासाठी एक पान राखलेलं असतं. त्यावर एक तक्ता असतो, तक्त्याखाली 'विरुद्धार्थी शब्द लिहा' असा प्रश्न असतो. हॅपीचा अनहॅपी, पॉसिबलचा इम्पॉसिबल, रेग्युलरचा इर्रेग्युलर. पान उलटलं की विषय संपला. मग पुन्हा शब्दांच्या याद्या सुरू. माझं म्हणणं असं की उपसर्गांना विरुद्धार्थी शब्दांच्या दावणीला बांधणं आधी थांबवलं पाहिजे. शब्दसंग्रह वाढवण्याचा हा हमरस्ता आहे, आणि त्या रस्त्याला लागायचं तर संगणकाच्या शब्दांवरून लागावं.

संगणकच का? कारण तिथल्या शब्दांचा अर्थ शिकणाऱ्याच्या हाताला आधीच माहीत असतो. 'इन्स्टॉल' आणि 'अनइन्स्टॉल' यांत काय फरक आहे हे त्याने करून पाहिलेलं असतं. 'म्यूट' आणि 'अनम्यूट'चं बटण तो दिवसातून कितीदा दाबतो. 'झिप' केलेली फाइल 'अनझिप' केल्याशिवाय वापरता येत नाही, हे त्याला व्याख्येने समजावून द्यावं लागत नाही. शब्दकोशातल्या शब्दाचा अर्थ आधी कळतो आणि अनुभव पुढे कधीतरी येतो. इथे उलट आहे. अनुभव जमा आहे, फक्त त्यातला शब्दाचा सांधा दाखवायचा राहिला आहे.

दुसरंही एक कारण आहे आणि ते मला जास्त रंजक वाटतं. केलेली कृती उलटवणारा हा 'अन' इंग्रजीत फार जुना आहे, पण त्याला पूर्वी काम बेताचंच होतं. गाठ बांधली तर सोडता येते, कुलूप लावलं तर उघडता येतं. पण फुटलेला पेला 'अनब्रेक' करता येत नाही, म्हणून तसा शब्दही लागत नाही. संगणकावर मात्र जवळपास प्रत्येक कृती मागे घेता येते. साहजिकच तिथे या उपसर्गाचं फावलं. अनफॉलो, अनसबस्क्राइब, अनसेंड, अगदी 'अनडिलीट'सुद्धा! २००९ साली 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'ने वर्षाचा शब्द म्हणून 'अनफ्रेंड' निवडला. भाषेचा एक जुना अवयव नव्या कामाला जुंपला जाताना डोळ्यांसमोर दिसतो, अशा जागा शिकवण्यासाठी सहसा मिळत नाहीत.

आता या पद्धतीवरचा नेहमीचा आक्षेप. लोक म्हणतात, उपसर्ग फसवतात. 'री' म्हणजे पुन्हा असं शिकवलं तर मूल 'रिमूव्ह'चा अर्थ 'पुन्हा हलवणे' असा करील आणि 'रिपोर्ट'चा काय करील देव जाणे. 'डी' म्हणजे उलट करणे, तर मग 'डिलीट'मधलं 'लीट' म्हणजे काय? आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर कानात आहे, आणि मराठी लिहिणाऱ्याच्या तर लेखणीतही आहे.

रीस्टार्ट, रीबूट, रीसेट, रीलोड, रीनेम, रीसाइझ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. सगळीकडे 'री' दीर्घ आहे आणि त्यावर थोडा जोर येतो. त्यानंतर रिमूव्ह, रिपोर्ट, रिप्लाय, रिक्वेस्ट, रिझल्ट म्हणा. 'रि' ऱ्हस्व झाला आणि घाईत पार पडला. जिथे उपसर्ग जिवंत आहे, म्हणजे तो काढून घेतला तरी मागे धडधाकट शब्द उरतो आणि अर्थात 'पुन्हा' स्पष्ट जाणवतं, तिथे इंग्रजी बोलणारा त्याला दीर्घ उच्चारतो. जिथे उपसर्ग शतकानुशतकांच्या वापराने शब्दात विरघळून गेला आहे, तिथे तो ऱ्हस्व होतो. हाच प्रकार 'डी'चा. डीबग, डीकोड, डीॲक्टिव्हेट, डीकॉम्प्रेस एकीकडे. डिलीट, डिव्हाइस, डिफॉल्ट, डिटेक्ट दुसरीकडे. 'प्री'चंही तेच. प्रीव्ह्यू, प्रीलोड, प्रीसेट दीर्घ, तर प्रिपेअर, प्रिडिक्ट, प्रिफर ऱ्हस्व.

इंग्रजी लिपी हा फरक दाखवत नाही. दोन्हीकडे तीच अक्षरं असतात. फार अडलं तर ती मध्ये आडवी रेघ मारते. 'रिझाइन' म्हणजे राजीनामा आणि 'री-साइन' म्हणजे करारावर पुन्हा सही, हे दोन अगदी उलटे अर्थ तिथे एका रेघेच्या अंतरावर राहतात. देवनागरीत मात्र हा फरक वेलांटीत सहज दाखवता येतो. मग आपण काय करतो? 'रिस्टार्ट' लिहितो, 'रीमूव्ह' लिहितो, जसं हाताला येईल तसं. या बाबतीत शिक्षकांनी आणि पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी थोडा काटेकोरपणा पाळला, तर पहिल्या वेलांटीवरूनच मुलाला कळेल की हा शब्द फोडायचा की अख्खा गिळायचा. नियम शंभर टक्के चालत नाही. 'रिफ्रेश' आणि 'रिन्यू' यांत 'पुन्हा'चा अर्थ लख्ख आहे, तरी उच्चार ऱ्हस्व आहे. पण दहातले आठ शब्द बरोबर लावणारा नियम वर्गात टाकाऊ ठरत नाही. (जाता जाता: मराठीत दुसऱ्याचंच बोलणं पुन्हा म्हणणाऱ्याला आपण 'री ओढतो' म्हणतो. इंग्रजी 'री'शी त्याचं काही नातं नाही, पण लक्षात ठेवायला फुकटची सोय आहे.)

मराठी माणसाला उपसर्ग म्हणजे काय हे शून्यापासून शिकवावं लागतं, अशा थाटात इंग्रजीची पुस्तकं लिहिलेली असतात, हे मला सर्वांत खटकतं. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द जो सहज वापरतो, त्याला शब्दाच्या पुढे काही जोडलं की अर्थ कुठच्या कुठे जातो हे नव्याने काय सांगायचं? संस्कृत व्याकरणात बावीस उपसर्ग मोजलेले आहेत आणि त्यातले बहुतेक आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. शब्दाच्या आधी जोडल्या जाणाऱ्या आपल्या काही तुकड्यांची तर इंग्रजीतल्या उपसर्गांशी सख्खी भाऊबंदकी आहे. 'अंतर्' आणि लॅटिनमधून आलेला 'इंटर' एकाच मुळातून निघालेले. 'परि' आणि ग्रीक 'पेरि' तसेच; माउस, प्रिंटर यांना 'पेरिफेरल' म्हणतात तो हाच, भोवतालचा. 'उप' आणि 'सब', 'प्र' आणि 'प्रो' यांचंही मूळ एक. 'अनपेक्षित'मधला नकार आणि 'अनएक्स्पेक्टेड एरर'मधला नकार हे दूरचे का होईना, चुलतभाऊ आहेत. सबफोल्डर, सबमेनू, सबडोमेन हे शब्द 'उपविभाग'सारखेच बांधले आहेत हे एकदा दाखवलं की 'सबकमिटी', 'सबटायटल', 'सबमरीन' वेगळे शिकवावे लागत नाहीत.

आणि 'कॉम्प्युटर' हाच शब्द घ्या ना. 'कॉम' म्हणजे एकत्र आणि 'प्युट' म्हणजे हिशेब करणे, असं ते लॅटिन क्रियापद. आपला 'संगणक' शब्द उकलला तर सम् आणि गणक. जोडाला जोड. पण हा 'कॉम' नेहमी 'कॉम' राहत नाही. कॉम्प्रेस, कॉम्पाइल यांत तो 'कॉम', कनेक्ट, कॉन्फिगर यांत 'कॉन', कोलॅबोरेट, कलेक्शन यांत 'कॉल' आणि करेक्ट, करप्ट यांत 'कॉर'. पुढच्या अक्षराच्या तोंडाकडे पाहून तो आपलं शेवटचं व्यंजन बदलतो. इंग्रजीची मुलं इथे गांगरतात. मराठी मुलाने गांगरायचं काही कारण नाही, कारण उत् आणि लेख मिळून 'उल्लेख', उत् आणि लास मिळून 'उल्लास' हे त्याने संधीच्या धड्यात केलेलं असतं. इन आणि लीगल मिळून 'इल्लीगल' होतं ते नेमकं असंच. एका तासाला संधी शिकवायची, दुसऱ्या तासाला 'इन'चा 'इल', 'इम', 'इर' का होतो याची यादी पाठ करायला लावायची, आणि दोन्ही तासांनी एकमेकांची ओळखही ठेवायची नाही, याला शिकवणं म्हणायचं का?

आकड्यांचे उपसर्गही असेच पाढ्यासारखे घोकले जातात: किलो, मेगा, गिगा, टेरा, पेटा, एक्सा. त्यांच्या मागची रचना पाहिली तर घोकण्याची गरजच उरत नाही. किलो हा ग्रीक हजार. मेगा म्हणजे मोठा, गिगा म्हणजे राक्षस, टेरा म्हणजे अजस्र प्राणी. १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धती ठरली तेव्हा टेरापर्यंतचे उपसर्ग तिच्यात होते. टेरा म्हणजे हजाराचा चौथा घात, आणि योगायोग असा की ग्रीक 'चार'साठीच्या 'टेट्रा'तलं एक अक्षर गाळलं तर 'टेरा' उरतो. १९७५ मध्ये पुढचे दोन उपसर्ग हवे झाले तेव्हा हाच योगायोग नियम म्हणून वापरला. पाचाच्या 'पेंटा'तलं एक अक्षर काढून 'पेटा' केला, सहाच्या 'हेक्सा'चा ह काढून 'एक्सा' केला. हजाराचा पाचवा घात पेटा, सहावा एक्सा. १९९१ मध्ये सात आणि आठावरून 'झेटा' आणि 'योटा' आले, २०२२ मध्ये 'रोना' आणि 'क्वेटा'. माणसांनी बैठक घेऊन, मतदान करून तयार केलेले हे उपसर्ग आहेत. शब्द घडवता येतात हे मुलाला पटवायला याहून चांगला पुरावा कुठला?

या उपसर्गांचा घोळही शिकवण्यासारखा आहे. १ टेराबाइटची म्हणून आणलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दाखवते, कारण डिस्क बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ ने. हा गोंधळ मिटवायला १९९८ मध्ये १०२४ ने मोजण्यासाठी किबी, मेबी, गिबी असे वेगळे उपसर्ग मानक म्हणून मंजूर झाले. व्यवहारात त्यांना फारसं कुणी विचारत नाही. उपसर्ग ठरावाने जन्माला घालता येतो, पण तो बोलला जाईल की नाही हे ठरावाच्या हातात नसतं.

दुसरा आक्षेप असा की यातून मूल ग्रीक-लॅटिनच्या जंगलात शिरेल. ही भीती मला मान्य आहे, म्हणून मी मर्यादा घालतो. जो तुकडा आजच्या अर्थाला मदत करतो तेवढाच फोडायचा. 'प्रोटोकॉल' फोडला तर गुंडाळीच्या सुरुवातीला चिकटवलेलं पहिलं पान असा अर्थ हाती लागतो. गोष्ट छान आहे, पण दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम त्यातून उमगत नाहीत. शिवाय तिथे 'प्रो' नाही, 'प्रोटो' आहे, म्हणजे चुकीच्या ठिकाणी कुऱ्हाड मारण्याचीही सोय आहे. असे शब्द सरळ अख्खे शिकवावेत.

याउलट 'हायपर' घ्या. संगणकाचे अमेरिकी अभ्यासक टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये 'हायपरटेक्स्ट' हा शब्द मांडला: सरळ रेषेत न वाचता एका मजकुरातून दुसऱ्यात उडी मारता येईल असा, नेहमीच्या मजकुराच्या पलीकडचा मजकूर. संकेतस्थळाच्या पत्त्याआधी येणाऱ्या 'एचटीटीपी'तल्या पहिल्या दोन अक्षरांत तोच आहे. 'हायपर' म्हणजे वर, पलीकडे, अति. एवढं कळलं की 'हायपरटेन्शन' या शब्दाचं गूढ संपतं. 'मालवेअर'मधला 'माल' वाईटाचा आहे हे कळलं की 'मालन्यूट्रिशन' आणि 'मालफंक्शन' ओळखीचे वाटतात. अँटीव्हायरसमधून अँटीबायोटिक आणि अँटीसेप्टिक, मायक्रोप्रोसेसरमधून मायक्रोस्कोप, ऑटोसेव्हमधून ऑटोबायोग्राफी. पाया संगणकाचा, पण इमारत विज्ञानाची, इतिहासाची, वैद्यकाची. हा प्रवास उलट्या दिशेने, म्हणजे आधी ऑटोबायोग्राफी आणि मग ऑटोसेव्ह, असाही करता येईल. पण मग सुरुवात पुन्हा अनोळखी शब्दापासून होते आणि आपण याद्यांच्या दारात येऊन उभे राहतो.

जे जमत नाही तेही कबूल केलं पाहिजे. उपसर्ग कळल्याने अनोळखी शब्दाचा अर्थ लागतो, पण कुठे कोणता उपसर्ग वापरायचा हे कळत नाही. 'इन्स्टॉल'चं उलट 'अनइन्स्टॉल', 'कनेक्ट'चं 'डिसकनेक्ट', 'ॲक्टिव्हेट'चं 'डीॲक्टिव्हेट'. एन्कोडला डीकोड, एन्क्रिप्टला डीक्रिप्ट, मग एनेबलला मात्र डिसेबल. यामागे पक्का नियम शोधत बसण्यात अर्थ नाही. 'अनएबल' म्हणजे मुळातच असमर्थ आणि 'डिसेबल्ड' म्हणजे कुणीतरी बंद करून ठेवलेलं, हा फरक वाक्यांतूनच मुरतो. वाचनाला पर्याय नाही. पण वाचताना दर ओळीला अडखळणारा माणूस फार वाचत नाही, आणि हे अडखळणं कमी करण्याचं काम उपसर्ग करतात.

संगणकाचे सगळे शब्द मराठीतच हवेत असा आग्रह धरणाऱ्यांना हे सगळं कदाचित पटणार नाही. माझं त्यांच्याशी भांडण नाही. प्रतिशब्द घडवायचे असतील तरी मूळ शब्द कसा बांधला आहे हे आधी दिसायला हवं. 'इंटरनेट'चे 'आंतरजाल' आणि 'महाजाल' असे दोन प्रतिशब्द चालतात. त्यातला पहिला उपसर्गाला धरून आहे, दुसरा नाही. 'इंटरनेट' म्हणजे जाळ्यांना आपसांत जोडणारी व्यवस्था, आणि 'इंट्रानेट' म्हणजे एका संस्थेच्या आतलं जाळं. या जोडीला तोंड देताना 'महाजाल' हात टेकतं. 'आंतरजाल' आणि 'अंतर्गत जाल' तग धरतात.

प्रत्यक्षात काय बदलावं? फार नाही. उपसर्गांचं ते एक पान पुस्तकातून काढून टाकावं आणि प्रत्येक धड्यात दोन-चार शब्द फोडून दाखवावेत. मुलांना उपसर्ग आणि शब्द देऊन नवे शब्द बनवू द्यावेत, चुकीचे सुद्धा. 'अनसेव्ह' असा शब्द कुणी केला तर तो खोडू नये. जतन केलेली फाइल 'अनसेव्ह' करणं म्हणजे नेमकं काय करणं, हे विचारावं. 'अनसेव्ह्ड' मात्र रोज दिसतो, आणि त्याचा अर्थ 'अजून जतन न केलेली', 'जतन करून मग काढलेली' नव्हे. म्हणजे 'अन' दोन आहेत. एक नुसता नाकारतो, एक केलेलं उलटवतो. ही गोष्ट तक्त्यात कधीच सापडत नाही, मुलांच्या चुकांतून बाहेर येते.

आणि परीक्षेत जोड्या लावायला सांगण्याऐवजी पुस्तकात कधीच न आलेला शब्द द्यावा आणि तो काय सांगत असेल ते कारणासह लिहायला सांगावं. 'डीफॉरेस्टेशन' चालेल, 'प्रीहीट' चालेल. वरच्या वर्गांसाठी माझी पसंती 'अनलॉकेबल'ला आहे. 'अन' आधी लॉकला जोडला तर अर्थ होतो उघडता येण्याजोगं. 'एबल' आधी जोडला आणि मग 'अन', तर अर्थ होतो कुलूपच लावता येणार नाही असं. शब्द एक, फोड दोन, अर्थ एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावे लागतील.